दोन खोल्यांपासून बीच रिसॉर्ट कसं उभं करायचं
पहिल्याच झटक्यात वीस खोल्या आणि स्विमिंग पूल वगैरे डोक्यातून काढा, आधी दोन खोल्या बांधा, त्या भरायला लागल्या की त्याच पैशातून तिसरी. कर्ज काढून मोठं बांधलं की ऑफ सीझनला हप्ता काय थांबत नाही.

जागा घ्यायच्या आधी अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती कुठवर येते ते स्वतः उभं राहून बघा, वादळी दिवसांत तर नक्कीच. भरतीरेषेपासून किती अंतर सोडायचं याचे नियम बऱ्याच देशांत आहेत, ते लेखी परवानगीसकट क्लिअर करा, दलालाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि समोरच्या वाळूच्या टेकड्या व्ह्यूसाठी सपाट करू नका प्लीज, लाटा अडवणारी फुकटची भिंत आहे ती.

खरा खर्च खाऱ्या हवेचा. साधे खिळे, बिजागऱ्या, एसीचं आउटडोअर युनिट सगळं गंजतं, म्हणून बाहेरच्या फिटिंगला ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील वापरा, महाग पडतं पण परत परत बदलण्यापेक्षा परवडतं. काँक्रीटमध्ये पण सळईवरचं कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, कमी ठेवलं तर सळई आतून गंजून स्लॅब फुटतो.

विहिरीचं पाणी जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर खराब होते, त्यामुळे पावसाचं पाणी साठवायची टाकी सुरुवातीलाच बांधा. सेप्टिक टँक विहिरीपासून लांब.

रात्री किनाऱ्याकडे झगमगाट नको, कासवांची पिल्लं उजेडाने वाट चुकतात.

फोटोंचं म्हणाल तर ओहोटीचे पण टाका, नाहीतर रिव्ह्यूमध्ये ऐकून घ्यावं लागतं.