दिवाळी अंकाचे चित्रमय पान फोटोशॉपमध्ये कसे मांडावे

दिवाळी अंकातील दीर्घ लेख आणि कथा इनडिझाइन किंवा स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्येच लावाव्यात. शेकडो पानांचा वाहता मजकूर सांभाळणे हे फोटोशॉपचे काम नव्हे. मात्र लेखाचे सुरुवातीचे पान किंवा कवितेचे सचित्र पान, जिथे अक्षर आणि चित्र एकमेकांत मिसळतात, ते फोटोशॉपमध्ये अधिक मोकळेपणाने घडवता येते.

आधी मुद्रकाकडून अंकाचा कापलेला आकार, बांधणीचा प्रकार आणि रंगाचे प्रोफाइल (छपाईत रंग कसे उमटतील ते सांगणारी फाइल) विचारून घ्यावे. आकार ए-4 असेल, तर कापणीसाठी चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड (कापून जाणारी जादा कड) धरून 216 × 303 मिलिमीटरची फाइल 300 पीपीआयवर (एका इंचात 300 पिक्सेल) उघडावी. गाइड (न छापल्या जाणाऱ्या मदतरेषा) ओढून समास आखावेत आणि शिवणीकडचा समास जास्त ठेवावा, कारण जाड अंक पूर्ण उघडत नाही आणि आतल्या बाजूची अक्षरे बांधणीत दडतात.

छायाचित्र निवडताना पिक्सेल मोजावेत. लांब बाजू 1600 पिक्सेल असलेले चित्र 300 पीपीआयवर जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर छापता येते. ते पानभर ताणण्यापेक्षा लेखकाकडून मूळ फाइल मागवावी. छटा सुधारताना ॲडजस्टमेंट लेयर (चित्रावर वेगळा राहणारा सुधारणेचा थर) वापरावेत, म्हणजे मूळ चित्राला धक्का लागत नाही. शीर्षक चित्रावर बसवायचे असेल, तर आकाश किंवा भिंत असा शांत भाग शोधावा. तो नसेल, तर कर्व्ह्जचा (उजेड-अंधार बदलणारा) लेयर मास्कसह, म्हणजे बाकीचा भाग झाकून, वापरून तेवढाच भाग हलकेच गडद करावा. अक्षरांना सावली देण्यापेक्षा हा उपाय मला कितीतरी स्वच्छ वाटतो.

खरी कसोटी देवनागरीची असते. जोडाक्षरे तुटत असतील किंवा ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडत असेल, तर फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधील टाइप विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावे आणि आधीच्या मजकुरालाही परिच्छेदाच्या पर्यायांतून तोच कंपोझर (ओळी जुळवणारी पद्धत) लावावा. युनिकोड नसलेल्या जुन्या श्रीलिपी फाँटमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणून मगच चिकटवावा. ओळींमधले अंतर आपोआप ठरू देऊ नये: फोटोशॉप अक्षराच्या आकाराच्या 120 टक्के अंतर धरतो, म्हणजे 11 पॉइंटला 13.2, आणि एवढ्यात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना आणि रफारांना भिडतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने घडवलेल्या ‘मुक्ता’सारख्या फाँटमध्ये 11 पॉइंटला 16 पॉइंटपासून सुरुवात करून डोळ्यांनी ठरवावे. ट्रॅकिंग (अक्षरांमधले जादा अंतर) शून्यच ठेवावे, कारण अक्षरे फाकवली की शिरोरेषा तुटते आणि शब्द शब्दासारखा दिसत नाही. अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट धरू नये, कारण त्यामुळे शब्दांमध्ये पांढरी भगदाडे पडतात.

छायाचित्राचे काम आरजीबीमध्ये (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) संपवून, त्याची प्रत ठेवून, मुद्रकाच्या प्रोफाइलनुसार सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) करावे. त्यानंतर बारीक मजकुराचा काळा रंग पुन्हा तपासून तो केवळ 100 टक्के काळ्या शाईचा करावा. चार शायांनी बनलेला काळा छपाईत केसभर सरकला, तरी अक्षरांना रंगीत कडा दिसू लागतात.

पान पूर्ण वाटले की ते मूळ आकारात कागदावर छापून, समोरासमोर येणाऱ्या पानासोबत टेबलावर ठेवावे आणि दोन पावले मागे जाऊन पाहावे. दोन शीर्षके एकमेकांशी झगडत असतील, तर ते इथेच कळते. मुद्रितशोधकाने शेवटचा हात फिरवल्यानंतरही मजकुराचे लेयर सपाट करू नयेत. शेवटी जेपीजी न पाठवता फोटोशॉप पीडीएफ पाठवावी, म्हणजे अक्षरे व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांनी आखलेली) राहून त्यांच्या कडा तीक्ष्ण छापल्या जातात.