ब्लूटूथचा पॅच पाठवण्याआधीची तयारी

लिनक्स कर्नलमध्ये नव्या यूएसबी ब्लूटूथ डोंगलची ओळख घालायची म्हणजे बहुतेक वेळा बीटीयूएसबी ड्रायव्हरच्या (यूएसबीवरचं ब्लूटूथ चालवणारा कर्नलमधला कोड) तक्त्यात एकदोन ओळी वाढवायच्या. काम एवढंसंच, म्हणून तयारी कुणी करत नाही. मीही केली नव्हती. पॅच, म्हणजे कोडमधला बदल, स्वीकारला गेला आणि काही दिवसांनी तक्रार आली: सकाळी मशीन सुरू केलं की हेडफोन जोडलाच जात नाही, आणि विंडोजमध्ये एक फेरी मारून आलं की जोडला जातो. खालचं सगळं त्यानंतर लिहिलेलं आहे.

गिट, कंपायलर, रिकामी डिस्क हे सांगत बसत नाही. सोर्स मात्र ब्लूटूथ-नेक्स्टमधून घ्या, कर्नलमधल्या ब्लूटूथचे नवे बदल तिथे आधी जमा होतात. तुमची ओळ तिथे आधीच कुणीतरी घातलेली असू शकते, मग पुढचं सगळं वाचायची गरजच नाही. हत्यारं म्हणून बीटीमॉन (ब्लूटूथची देवाणघेवाण नोंदवणारं), बीटीएमजीएमटी आणि ब्लूटूथसीटीएल (कंट्रोलर आणि जोडण्या हाताळणारी) पुरतात. एचसीआयकॉन्फिग आणि एचसीआयटूल यांना ब्लूझेडने, म्हणजे लिनक्सच्या ब्लूटूथ सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने, २०१७ पासूनच निवृत्त केलंय. नेटवरच्या निम्म्या मार्गदर्शिका अजून तीच नावं घेतात, तिकडे लक्ष देऊ नका.

डोंगल स्वतःच्या हातात हवा. दुसऱ्याच्या लॉगवरून पॅच लिहू नका. खोक्यावरच्या ब्रँडला काही अर्थ नाही, आत कुठली चिप आहे ते एलएसयूएसबीमध्ये (यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी देणारी कमांड) आणि कर्नलच्या लॉगमध्ये बघा. आयडी ०ए१२:०००१ दिसला तर जरा थांबा. हा सीएसआर कंपनीचा आयडी आहे आणि बाजारात त्याच्या नकली चिपांचा सुळसुळाट आहे. त्या स्वतःबद्दल जे सांगतात ते त्यांना करता येतंच असं नाही. नकली चिप ओळखून तिची समजूत काढणारा कोड ड्रायव्हरमध्ये आधीपासून आहे, त्यात तुमची आणखी एक ओळ घुसडू नका.

आता फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम. लक्ष देऊन वाचा.

यातल्या बऱ्याच चिपांच्या पोटात कायमस्वरूपी प्रोग्रॅम जेमतेम असतो. खरा प्रोग्रॅम डिस्कवर, लिब-फर्मवेअर फोल्डरमध्ये असतो. रिअलटेकच्या ८७६१बीयू चिपसाठी तिथे स्वतंत्र फाइल आहे. चिप जागी झाली की ड्रायव्हर ती फाइल तिच्या रॅममध्ये भरतो आणि वीज आहे तोवर ती तिथेच राहते. रीबूटने यूएसबी पोर्टची वीज सहसा जात नाही. पुष्कळ मदरबोर्डांवर तर मशीन बंद केल्यावरही पोर्टला पाच व्होल्ट मिळत राहतात, फोन चार्ज व्हावा म्हणून. म्हणजे विंडोजने फर्मवेअर भरलं, तुम्ही रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलात, तर चिप आयती तयार मिळते. माझ्या ओळीत रिअलटेकचा फ्लॅगच नव्हता, म्हणजे फर्मवेअर भरा असं ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नव्हतं. तरी माझ्याकडे सगळं झकास चाललं.

म्हणून डोंगल उपसून काढा. रीबूट नको, शटडाऊन नको, उपसून काढा. दहा आकडे मोजा, परत लावा आणि डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, बघा. फर्मवेअरची फाइल लोड होत असल्याची ओळ त्यात दिसलीच पाहिजे. हेडफोन वाजतोय पण ती ओळ नाही, तर ती चाचणी धरायची नाही.

लॅपटॉपमधल्या कार्डाला हे जास्त किचकट आहे. एम.२ कार्डावर वायफाय सहसा पीसीआयईवर आणि ब्लूटूथ यूएसबीवर असतं, आणि ते उपसायचं म्हणजे स्क्रू ड्रायव्हर आला. तिथे मशीन बंद करा, चार्जर काढा, शक्य असेल तर बॅटरी सोडवा, पॉवरचं बटण दाबून धरा. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' आधी बंद करा, कारण ते चालू असताना शटडाऊन हे पूर्ण शटडाऊन नसतं. डेस्कटॉपवाल्यांची चाचणी लाइट गेली की आपोआप होते, इन्व्हर्टर नसेल तर.

ड्रायव्हर मॉड्यूल (गरजेला वेगळा लोड होणारा भाग) न ठेवता कर्नलमध्येच बांधला असेल तर तो डिस्क माउंट व्हायच्या आधी फर्मवेअर मागतो. फाइल इनिट-रॅम-एफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये येणारी छोटी फाइलसिस्टिम) नसेल तर त्याला ती सापडत नाही. पण रीबूट केल्यावर चिपमध्ये जुनं फर्मवेअर असतंच, त्यामुळे हेही दिसत नाही. उपसून काढा म्हणतोय ते यासाठी.

ऑडिओ. गाणं वाजलं म्हणून खूश होऊ नका. गाणी एटूडीपीने (ब्लूटूथची संगीतासाठीची पद्धत) जातात, साध्या डेटाच्या वाटेने. कॉलचा आवाज एससीओच्या वाटेने जातो आणि यूएसबीवर त्याला वेगळी आयसोक्रोनस एंडपॉइंट्स (ठरावीक वेळेला डेटा नेणाऱ्या वाटा) लागतात. ड्रायव्हरमधली खरी दुखणी तिथे आहेत. कुणालातरी फोन लावा आणि समोरच्याला तुमचं बोलणं ऐकू येतंय का ते विचारा, माइकचा हिरवा पट्टा हलतोय यावर समाधान मानू नका.

बीटीमॉनने ट्रेस घ्या, फाइलमध्ये साठवा. पण ती फाइल कुणालाही पाठवण्याआधी काय केलंय ते आठवा. त्यात पेअरिंगची लिंक की, म्हणजे जोडणीची गुप्त किल्ली, असते. ट्रेस चालू असताना ब्लूटूथ कीबोर्डवर पासवर्ड टाइप केलात तर तोही त्यात अक्षर अक्षर असतो. ट्रेससाठी नव्याने पेअर करा, पाठवून झालं की ते पेअरिंग पुसा. हेडफोन पुरत असेल तर कीबोर्ड जोडूच नका.

सस्पेंड करून उठवा, एकदा थोड्या वेळाने आणि एकदा रात्रभर ठेवून. काही मशीन झोपेत पोर्टची वीज काढतात, मग फर्मवेअर पुन्हा भरावं लागतं. यूएसबी ऑटोसस्पेंड (काम नसताना डिव्हाइस आपोआप झोपवणं) चालू ठेवूनच बघा. बंद करून चालतं याला चालणं म्हणत नाहीत.

ब्लूझेडच्या टूल्समध्ये एमजीएमटी-टेस्टर, एल२कॅप-टेस्टर आहेत, आभासी कंट्रोलरवर चालतात. फक्त ओळख घालत असाल तर सोडून द्या. ब्लूटूथच्या गाभ्याच्या कोडला हात लावला असेल तर ते चालवाच, केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी तपासणी) चालू केलेल्या कर्नलवर. २०२० मध्ये ब्लीडिंगटूथ नावाने गाजलेली भगदाडं याच गाभ्यातली होती.

पॅच पाठवताना: चेकपॅच (कर्नलची पॅच तपासणारी स्क्रिप्ट) चालवा, साइन्ड-ऑफ-बाय (तुमच्या नावाची सहीची ओळ) लिहा, विषयात 'ब्लूटूथ: बीटीयूएसबी:' हवं, संदेशात यूएसबी-डिव्हाइसेस फाइलमधला तुमच्या डोंगलचा भाग जोडा, मेल साध्या टेक्स्टमध्ये. शेवटचा बदल केल्यावर, तो कॉमातला असला तरी, डोंगल पुन्हा उपसा आणि पुन्हा लावा.

नंतरचं: ओळ तुमच्या नावावर राहते, मेल येत राहतात. डोंगल विकू नका, चिठ्ठी लावून खणात ठेवा. सांभाळायला कुणी उरलं नाही की काय होतं ते ओपनबीएसडीत दिसलं: धड चालत नव्हता आणि पुढेही सरकत नव्हता म्हणून त्यांनी २०१४ मध्ये ब्लूटूथचा कोड काढून टाकला. तक्रार आली की कर्नलची आवृत्ती, पूर्ण डीमेसेज आणि विंडोजही आहे का, हे तीन आधी विचारा. बाकीचं तुमचं तुम्ही बघा.