उपनगरातल्या रस्त्यावर सायकल आणि मोटार: वाद न होता रस्ता कसा वाटून घ्यावा

पुण्याच्या पश्चिमेला बाणेर, पाषाण, बावधन, दक्षिणेला धायरी आणि पूर्वेला वाघोली ही गावे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उपनगरे झाली. गावाला जोडणारे जुने रस्ते तेच राहिले, फक्त त्यांच्यावरची वाहने बदलली. आज अशा एकाच रस्त्यावर बांधकामावर निघालेला मजूर, रात्रपाळी संपवून परतणारा सुरक्षारक्षक, क्लासला चाललेली आठवीतली मुलगी, खडकवासल्याकडे व्यायामासाठी जाणारा सायकलींचा गट, कार्यालय गाठण्याच्या घाईतल्या मोटारी आणि पाण्याचे टँकर असे सगळे एकत्र धावत असतात. सायकलस्वार आणि मोटारचालक यांच्यात होणारे बहुतेक वाद उर्मटपणामुळे होत नाहीत, तर दोघांना एकच रस्ता दोन प्रकारे दिसतो म्हणून होतात, असे माझे ठाम मत आहे. समोरच्याला काय दिसते आहे हे कळले, तर आपण काय करावे हे बऱ्याच अंशी आपोआप कळते. तरीही जबाबदारी दोघांवर सारखी नाही. ज्याच्या वाहनाने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, त्याने अधिक सांभाळले पाहिजे.

मोटारचालकाची नेहमीची तक्रार अशी असते की सायकलवाला कडेने न जाता मध्येच चालतो. या तक्रारीचे उत्तर रस्त्याच्या डाव्या कडेकडे नीट पाहिल्यास मिळते. डांबर जिथे संपते तिथे दोन-तीन इंच खाली उतरलेली मातीची कड असते, रस्त्यावर पुन्हा थर टाकल्यामुळे खोल गेलेली चेंबरची झाकणे असतात, वळणावर साचलेली बारीक खडी असते आणि पावसाळी जाळीच्या फटीत सायकलचे अरुंद चाक सहज अडकू शकते. त्यापुढे उभ्या केलेल्या गाड्यांची रांग असते, आणि उलट दिशेने येणारा दुचाकीस्वारही नेमका याच पट्ट्यातून येतो. मोटारीच्या रुंद टायरखाली यातले काही जाणवत नाही. सायकलस्वाराला मात्र प्रत्येक गोष्ट चुकवावी लागते. म्हणून पुढे सायकल दिसताच चालकाने तिच्यापुढचा पंधरा-वीस मीटरचा रस्ता पाहण्याची सवय लावावी. तिथे झाकण, खड्डा किंवा उभी रिक्षा असेल, तर सायकल उजवीकडे येणार हे गृहीत धरावे.

सायकलला ओलांडताना किती अंतर ठेवावे, यासाठी एक माप मनाशी पक्के करावे. जर्मनीने 2020 मध्ये वस्तीतल्या रस्त्यांसाठी किमान दीड मीटर अंतर नियमात घातले. आपणही तेवढेच अंतर धरून चालावे, कारण खड्डा चुकवताना सायकल अर्धा मीटर तरी सरकते आणि शेजारून वेगाने गेलेल्या जड वाहनाच्या वाऱ्याने हँडल डगमगते. एवढी जागा नसेल तर मागे थांबावे. या थांबण्याची किंमत मोजून पाहण्यासारखी आहे. ताशी 15 किलोमीटर वेगाच्या सायकलमागे 200 मीटर जायला 48 सेकंद लागतात. तेच अंतर ताशी 40 च्या वेगाने 18 सेकंदांत कापले जाते. म्हणजे नुकसान होते ते केवळ अर्ध्या मिनिटाचे, आणि तेही अनेकदा पुढच्या सिग्नलला भरून निघते. उलट बाजूने पाहिले तर ताशी 50 च्या वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे 14 मीटर पुढे जाते. चालकाला धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवायला दीड सेकंद लागला, तर गाडीचा वेग कमी होण्यास सुरुवात होण्याआधीच 20 मीटर मागे पडलेले असतात.

हॉर्न वाजवायचा असेल तर तो लांबून, हलका आणि एकदाच वाजवावा. पाठीशी येऊन दाबलेल्या हॉर्नने सायकलस्वार दचकतो, मागे वळून पाहतो, आणि मागे पाहताना सायकल नकळत त्याच बाजूला, म्हणजे मोटारीच्या वाटेत, झुकते. रात्री दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून सायकल येत असेल तर मोटारीसाठी देतो तसाच तिच्यासाठीही डिपर द्यावा, म्हणजे दिव्याचा झोत खाली करावा. अप्परच्या झोतात तिच्या स्वाराला पुढचा खड्डा दिसतच नाही.

मोटारीचे दार हा स्वतंत्र विषय आहे, कारण इथे गाडी उभी असते आणि आपल्याकडून काही घडू शकेल असे चालकाच्या मनातही येत नाही. रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी लावल्यावर चालकाचे उजवे दार नेमके सायकलच्या वाटेत उघडते. हे दार डाव्या हाताने उघडावे. डावा हात उजव्या दारापर्यंत नेताना खांदा फिरतो, मान वळते आणि मागून येणारे वाहन दिसते. आरशात पाहण्याचे विसरले तरी ही सवय वाचवते. डाव्या बाजूला बसलेल्याने उजवा हात वापरावा, कारण सिग्नलपाशी थांबलेल्या कॅबमधून घाईने उतरणारा प्रवासी डावीकडून पुढे सरकणाऱ्या सायकलस्वाराला हमखास धडकतो. सायकलस्वारानेही उभ्या गाड्यांपासून किमान एक मीटर दूर राहावे आणि आत कोणी बसलेले दिसले, ब्रेकचा दिवा नुकताच विझला किंवा चाके वळलेली दिसली, तर वेग कमी करावा.

डावे वळण घेण्यापूर्वी मोटारचालकाने सायकलला ओलांडून लगेच तिच्यापुढून वळू नये. सोसायटीच्या फाटकात शिरताना हे रोज घडते: सायकल सरळ चाललेली असते, मोटार तिला मागे टाकते आणि पुढच्याच क्षणी आडवी येते. वळण पन्नास मीटरच्या आत असेल तर सायकलच्या मागेच राहावे, तिला पुढे जाऊ द्यावे आणि मग वळावे. बसथांब्यापाशी हाच नियम उलट बाजूने सायकलस्वाराला लागू होतो. पीएमपीची बस थांब्याकडे वळू लागली की तिच्या आणि पदपथाच्या मधल्या फटीत शिरू नये; तिथून प्रवासी उतरत असतात.

टँकर, डंपर आणि काँक्रीट मिक्सर यांच्याबाबत सायकलस्वाराने अधिक कडक नियम पाळावा, कारण चूक कोणाचीही असली तरी परिणाम एकच होतो. या वाहनांचा चालक उजवीकडे, उंचावर बसलेला असतो आणि पुढच्या डाव्या चाकाजवळ उभी असलेली सायकल त्याला दिसत नाही. शिवाय लांब वाहन डावीकडे वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग न जाता आतून, कडेला घासून जातात. सिग्नलला वाहन उभे असताना तिथे भरपूर जागा दिसते, आणि वाहन वळू लागताच ती जागा मागच्या चाकांखाली जाते. म्हणून उभ्या टँकरच्या डावीकडून पुढे कधीही जाऊ नये. त्याच्या मागे, चालकाचा आरसा आपल्याला दिसेल अशा ठिकाणी थांबावे. आरशात त्याचा चेहरा दिसत असेल तरच आपणही त्याला दिसू शकतो. लहान मुलांना हे तोंडी सांगून पुरत नाही. एखाद्या रविवारी सोसायटीत उभ्या असलेल्या टँकरच्या चालकाची परवानगी घेऊन मुलाला त्याच्या आसनावर बसवावे आणि आपण सायकल घेऊन डावीकडे उभे राहावे. आपण दिसत नाही हे त्याने स्वतः पाहिले, की पुन्हा सांगावे लागत नाही.

सायकलस्वाराची जी सवय मोटारचालकांना सर्वांत जास्त चिडवते, ती म्हणजे राँग साइडने येणे, आणि ही चीड रास्त आहे. समोरून येणाऱ्या सायकलचा आणि मोटारीचा वेग एकमेकांत मिळवला जातो, त्यामुळे दोघांनाही विचार करायला निम्माच वेळ उरतो. आडव्या गल्लीतून बाहेर पडणारा चालक तर फक्त उजवीकडे पाहत असतो. मात्र काही रस्त्यांवर दुभाजकाला दीर्घ अंतरापर्यंत फटच नसते, आणि दिवसभर विटा वाहून थकलेल्या माणसाने तेवढा वळसा घालावा अशी अपेक्षा धरणे सोपे असले तरी न्याय्य नाही. अशा ठिकाणी सायकल हातात धरून पदपथावरून चालत जावे किंवा पादचारी पट्ट्यांवरून रस्ता ओलांडून योग्य बाजूला यावे.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगता येतात. वळण्यापूर्वी मागे पाहावे आणि त्या दिशेचा हात पूर्ण लांब करावा. मोठ्या चौकात उजवीकडे जायचे असेल तर मधल्या लेनपर्यंत आडवे न जाता डावीकडूनच सरळ चौक ओलांडावा, पलीकडच्या कोपऱ्यात सायकल वळवून उभी करावी आणि त्या बाजूच्या सिग्नलबरोबर निघावे. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावावा. पुढच्या दिव्याचा झोत जमिनीकडे झुकलेला असावा. नव्या सायकलला आलेले रिफ्लेक्टर शोभत नाहीत म्हणून काढून टाकू नयेत. पेडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर वरखाली हलतात, त्यामुळे पुढे सायकल आहे हे अंधारातही दुरून कळते. कानात इअरफोन घालू नयेत. गटाने जाणाऱ्यांनी वाहने मागे साचू लागली की एकामागोमाग एक व्हावे, आणि मोठ्या गटाने चार-पाच जणांच्या तुकड्या करून मध्ये मोटार मावेल एवढी जागा सोडावी.

सायकल ट्रॅक असताना सायकलवाले रस्त्यावर का येतात, हा प्रश्न चालक वारंवार विचारतात. पुणे महापालिकेने 2017 मध्ये मंजूर केलेल्या सायकल आराखड्यात 800 किलोमीटरहून अधिक लांबीच्या जाळ्याचा विचार आहे. प्रत्यक्षात जे ट्रॅक आहेत त्यांवर ठिकठिकाणी दुचाकी लावलेल्या असतात, हातगाड्या उभ्या असतात आणि दर थोड्या अंतरावर एखाद्या फाटकाचा उतार येतो. ट्रॅक मोकळा असेल तर सायकलस्वाराने तो जरूर वापरावा. चालकाने त्यावर गाडी लावू नये आणि कोंडीतून वाट काढण्यासाठी त्यावरून गाडी नेऊ नये. तसे करणे नियमाविरुद्धही आहे.

एवढे करूनही कधी तरी कोणी अंगावर येतेच. अशा वेळी मोटारीच्या बॉनेटवर हात आपटू नये आणि चालकानेही गाडी आडवी घालून कोणाला थांबवू नये. पहिल्या दहा सेकंदांत जे बोलले जाते त्यातूनच हाणामारी सुरू होते. कडेला व्हावे, क्रमांक, वेळ आणि ठिकाण टिपून घ्यावे आणि वाहतूक पोलिसांकडे तक्रार करावी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 184 नुसार धोकादायक वाहन चालवणे हा गुन्हा आहे, आणि गाडी चालवताना हातात मोबाइल धरणे, नियमाविरुद्ध ओलांडणे आणि उलट दिशेने जाणे यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 281 बेदरकारपणाबद्दल शिक्षा सांगते, ते सायकलस्वारालाही लागू होऊ शकते, हे सायकलस्वारांनी लक्षात ठेवावे.

धडक झालीच तर वाद बाजूला ठेवून आधी 108 वर रुग्णवाहिका आणि 112 वर पोलिसांना बोलवावे. जखमीला उपचार मिळवून देणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार चालकाचे कर्तव्य आहे, आणि मदतीला आलेल्या तिऱ्हाइताला त्याच कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. जागेवर रोख रक्कम घेऊन प्रकरण मिटवण्याची घाई जखमीने करू नये. डोक्याला किंवा पोटाला लागलेला आतला मार काही तासांनी जाणवतो, आणि मोटारीच्या तृतीय पक्ष विम्यातून मिळणारी भरपाई पोलिसांत नोंद नसेल तर मिळवणे फार अवघड होते.

जिथे पुन्हा पुन्हा वाद होतात, तिथे रस्त्याकडेही पाहावे. सोसायटीच्या तळघरातून वर येणाऱ्या उतारापाशी बहिर्गोल आरसा आणि स्पीडब्रेकर बसवणे हे सोसायटीच्या सभेत ठराव करून होणारे काम आहे. खचलेल्या चेंबरसाठी महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर छायाचित्रासह तक्रार नोंदवावी, आणि तिच्यात जवळच्या दिव्याच्या खांबावरचा क्रमांक लिहावा, म्हणजे दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला नेमकी जागा सापडते.