जहाजावरून आलेले इंग्रजी वाक्प्रचार कसे समजून घ्यावेत

इंग्रजी वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ लावू नये, हे शाळेतच सांगितले जाते. मग तो लावायचा कसा, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. माझ्या मते, ज्या कामातून तो वाक्प्रचार आला, ते काम आधी डोळ्यांसमोर आणावे.

‘टेकन अबॅक’ घ्या. वारा अचानक समोरून येऊन शिडे उलटी डोलकाठीवर दाबली गेली, की शिडाचे जहाज जागीच थबकत असे. म्हणूनच अनपेक्षित गोष्टीने माणूस थक्क होतो, तेव्हा हा प्रयोग करतात. ‘बाय अँड लार्ज’मध्येही मोठेपणाचा संबंध नाही: शक्य तितके वाऱ्याला सामोरे जाणे म्हणजे ‘बाय’ आणि अनुकूल वारा घेऊन जाणे म्हणजे ‘लार्ज’, म्हणून दोन्ही मिळून ‘एकंदरीत’. ‘बिटर एंड’ म्हणजे अगदी शेवटपर्यंत. नांगराचा दोर डेकवरील ज्या खुंटांना बांधत, त्यांना ‘बिट्स’ म्हणत, आणि तिथपर्यंत दोर सुटला की पुढे सोडायला काहीच उरत नसे.

उगम कळला तरी आजचा अर्थ शब्दकोशात पडताळावाच, कारण रंजक उगमकथा पुष्कळदा खोट्या असतात. धो धो पावसासाठीच्या ‘कॅट्स अँड डॉग्ज’बद्दल सांगितली जाणारी, गवती छपरावरून मांजरे-कुत्री घसरून पडण्याची गोष्ट निराधार आहे. अर्थासोबत एक पूर्ण वाक्यही वहीत लिहावे; ‘टेकन अबॅक’नंतर कारण सांगताना ‘बाय’ येते, हे त्यावाचून लक्षात राहत नाही.