सलाईनची पुढची बाटली लावण्याआधी

वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टरला मी आधी बाटलीवरचं लेबल वाचायला लावते. नॉर्मल सलाईन, ०.९ टक्के. म्हणजे ५०० मिलीच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. इथे जवळजवळ तेवढं एका बाटलीतून थेट रक्तात जातं. त्यामुळे ‘नुसतं सलाईनच तर आहे’ असं कुणी म्हटलं की मी तिथेच थांबवते.

रिपोर्ट आला की सगळे सोडियम-पोटॅशियम बघतात, क्लोराइडची ओळ तशीच राहते. ती वाचा. रक्तात क्लोराइड लिटरला साधारण ९६ ते १०६ मिलीइक्विव्हॅलंट असतं, सलाईनमध्ये १५४. भराभर दोन-तीन लिटर गेलं की क्लोराइड चढतं, आम्ल शमवणारं बायकार्बोनेट उतरतं आणि रक्तातलं आम्ल वाढतं. मग पेशंट खोल, भरभर श्वास घेऊ लागतो. तो घाबरलाय असं समजून सोडून देऊ नका. क्लोराइड ११० च्या पुढे आणि बायकार्बोनेट २० च्या खाली दिसलं, तर पुढची बाटली लावण्याआधी डॉक्टरांना फोन करा, आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट हे शिरेतून द्यायचं दुसरं द्रावण, चालेल का विचारा. त्यात क्लोराइड ११० च्या आसपासच असतं.

पण सलाईन वाईट, असं मनात धरू नका. सारख्या उलट्या होणाऱ्याच्या पोटातलं हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर जातं, त्यासोबत क्लोराइडही. मग बायकार्बोनेट वाढतं, आणि क्लोराइड भरून आल्याशिवाय मूत्रपिंडाला ते नीट बाहेर टाकता येत नाही. तिथे सलाईन हेच औषध. डोक्याला मार लागलेल्यालाही सहसा सलाईनच देतात, कारण आरएल किंचित पातळ असल्याने मेंदूची सूज वाढू शकते. रक्त चढवतानाही त्या नळीत सलाईनच. आरएलमधल्या कॅल्शियमने रक्त गोठू शकतं.

आता थेंब. २० थेंबांना एक मिली असा सेट असेल आणि ५०० मिली चार तासांत द्यायचं असेल, तर मिनिटाला ४२ थेंब. थेंब पडतात त्या चेंबरशेजारी घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजा. पेशंटने कोपर वाकवलं की वेग बदलतो, पुन्हा मोजा. प्रत्येक बाटली आणि लघवी चार्टवर त्याच वेळी लिहा.

आडवं झाल्यावर धाप लागली किंवा खोकला सुरू झाला, तर आधी नळीवरचा, वेग कमी-जास्त करायचा रोलर बंद करा, डोकं उंच करा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.