आमवातात झोप का मोडते, हे उशाशी वही ठेवून कसे शोधावे

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो विकार असलेल्यांनी झोपेची गोळी मागण्यापूर्वी दोन आठवडे उशाशी एक वही ठेवावी. ‘दुखतंय म्हणून झोप नाही’ हे उत्तर खरे असले तरी पुष्कळदा अर्धेच असते. रात्री जाग कितीला आणि कशाने आली, सकाळी बोटे किती वेळ आखडलेली राहिली, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि दिवसभर हातांनी काय काम केले, एवढे लिहिले तरी पुरते. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीत आठ तास कात्री चालवलेला दिवस आणि घरी बसून काढलेला दिवस यांच्या रात्री सारख्या नसतात.

जाग येण्याची वेळ बरेच काही सांगते. इंटरल्यूकिन-६ सारखे दाह वाढवणारे घटक रात्रीच्या उत्तरार्धात रक्तात वाढतात, म्हणून सांधे पहाटे अधिक ठणकतात. तासगावकडच्या ज्या बाईला पाच वाजता धार काढायची असते, तिला म्हशीचा सड मुठीत धरवत नाही आणि आधी कोमट पाण्यात बोटे बुडवून बसावे लागते. हा आखडलेपणा रोज तासाभराहून अधिक टिकत असेल, तर बहुधा रोगच आटोक्यात आलेला नसतो. अशा वेळी डॉक्टरांशी बोलायचे ते आमवातावरच्या मूळ औषधांविषयी. अपुऱ्या झोपेने वेदना अधिक जाणवतात, त्यामुळे हे चक्र लांबवू नये.

प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड संध्याकाळी घेतल्याने झोप उडू शकते. ते सकाळी घेता येईल का, हे विचारावे, मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या चालू असतील तर संकोच न करता तेही लिहावे, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे.

अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर सुजलेल्या मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता असते, आणि रात्री मनगटाला पट्टी बांधून झोपल्याने आराम पडू शकतो. पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही तपासून घ्यावा. घोरणे मात्र स्वतःला कळत नाही, ते घरच्यांनाच विचारावे; जबड्याच्या किंवा मानेच्या सांध्यांत आमवात शिरला असल्यास झोपेत श्वास अडकू शकतो.

सर्वांत अवघड नोंद मनाची. जाग आल्यावर वेदनेआधी काळजीच मनात येत असेल, सकाळी कशातच रस वाटत नसेल, तर ते जसेच्या तसे लिहावे. औदासीन्य हे या रुग्णांच्या वाईट झोपेचे मोठे कारण आहे आणि त्यावर उपचार आहेत.

मिरजेला तपासणीसाठी जाताना ही वही पिशवीत रिपोर्टांच्या तळाशी न ठेवता वर ठेवावी, म्हणजे ओपीडीतल्या मोजक्या मिनिटांत ती आधी उघडली जाईल.