आधी नकाशा, मग बोलणं
आपल्या भागातलं अन्न कुठून येतं हे गटाच्या बैठकीत भाषणातून सांगायला गेलं की लोक मोबाईल काढतात. त्याऐवजी परिसराचा मोठा नकाशा भिंतीवर लावा.

१. प्रत्येकाने आदल्या दिवशीच्या जेवणातला एक जिन्नस निवडायचा.
२. तो कुठे पिकला, कुठे साठवला, कुठे विकला गेला, उरलासुरला कुठे टाकला? प्रत्येक ठिकाणी टाचणी, मधे दोरा. नकाशाबाहेर जाणारा दोरा कडेला बांधा.
३. माहीत नाही तिथे प्रश्नचिन्हाची चिठ्ठी. खरं शिकणं इथेच होतं, कारण पुढच्या बैठकीपर्यंत विक्रेत्याला किंवा शेतकऱ्याला विचारून ती चिठ्ठी ज्याची त्याने सोडवायची.

कोणाच्या घरी काय शिजतं यावर शेरेबाजी होऊ देऊ नका. म्हणूनच जिन्नस एकच, अख्खं ताट नको.